बाटली आणि कुपी

दारू आणि वकील ही जोडी मराठी वाचकाला नवी नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'चा नायक सुधाकर हा पेशाने वकील. भर न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या अपमानाच्या पोटी पहिला प्याला ओठांना लागतो. गडकऱ्यांनी त्या प्याल्याचा शेवट जिथे नेऊन पोचवला तो आपल्या सर्वांना पाठ आहे. दुसरीकडे, न्यायाची आपली कल्पना रामशास्त्र्यांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच थांबते. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो निःस्पृह न्यायाधीश हा आमच्या मनातला न्यायाचा पुतळा आहे. मात्र त्या कथेत आरोपीचा वकील कुठेच नाही, आणि तो नाही याची उणीवही कुणाला कधी भासलेली नाही.

आरोपीच्या वकिलाविषयी आपल्या समाजात जो आकस आहे, त्याचे मूळ कदाचित इथे असावे. चोराचा वकील एक वेळ आपण सहन करतो. परंतु दारू पिऊन मोटार हाकणाऱ्याचे, त्या मोटारीखाली माणसे चिरडणाऱ्याचे वकीलपत्र कोणी घेतले की आपला संताप अनावर होतो. या संतापाला आम्ही खोटा म्हणत नाही. तरीही ज्या नियमांच्या आधारे आज एखाद्या मद्यपी चालकाला न्यायालयात खात्रीपूर्वक दोषी ठरवता येते, ते नियम कसे घडले याचा माग काढू लागलो तेव्हा प्रत्येक वळणावर आम्हांला आरोपीच्या बाजूने विचारलेला एखादा अडचणीचा प्रश्न उभा दिसला. त्या प्रश्नांचा हा थोडासा इतिहास आहे, आणि तो मुंबईत सुरू होतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्याने दारूबंदीचे व्रत घेतले. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते, आणि त्यांचा या प्रश्नावरचा निर्धार सर्वश्रुत आहे. कायद्याची व्याप्ती मोठी होती. 'दारू' या शब्दाच्या व्याख्येत अल्कोहोलचा अंश असलेला प्रत्येक द्रव बसत होता. त्यामुळे व्हिस्की आणि ब्रँडीच्या शेजारी ओ-द-कोलोन, लॅव्हेंडरचे पाणी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली टॉनिकेही जाऊन बसली. एफ. एन. बलसारा या मुंबईच्या पारशी नागरिकाने या कायद्याला आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा एकंदरीत वैध ठरला. मात्र औषधी आणि प्रसाधनाच्या पदार्थांचे सेवन व वापर यांवरची बंदी घटनाबाह्य म्हणून रद्द झाली. न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेला हा निकाल राज्यघटनेच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो.

या निकालानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ मे १९५१ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास, कुलाबा भागात एका जीपने तीन पादचाऱ्यांना धडक दिली. जीप चालवणारे गृहस्थ होते बेहराम खुर्शेद पेसिकाका. ते मुंबई सरकारच्या परिवहन खात्यातील अधिकारी होते, म्हणजे इतरांच्या वाहनांवर ज्या खात्याने नजर ठेवायची त्याच खात्यातले. पोलिसांनी त्यांना ठाण्यावर आणि तेथून सेंट जॉर्जेस रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी तपासले. श्वासाला अल्कोहोलचा वास होता, डोळे लालसर होते, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या होत्या. तथापि बोलणे सुसंगत होते, वागण्यावर ताबा होता आणि सरळ रेषेवर चालता येत होते. डॉक्टरांचे मत असे पडले की या माणसाने कुठल्या ना कुठल्या रूपात अल्कोहोल घेतले आहे, परंतु तो त्याच्या अमलाखाली असल्याचे दिसत नाही.

खटला उभा राहिला तो दोन पायांवर. एक, बेदरकारपणे वाहन चालवून दुखापत केल्याचा आरोप, भारतीय दंड संहितेखाली. दुसरा, दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ खाली दारू प्यायल्याचा. आरोपीचे म्हणणे साधे होते. आपण दारू घेतलेली नाही, 'बी. जी. फॉस' नावाचे, अल्कोहोलचा अंश असलेले टॉनिक घेतले होते. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने त्यांना निर्दोष सोडले. सरकारने उच्च न्यायालयात अपील केले. तिथे बेदरकारपणाच्या आरोपातून सुटका कायम राहिली, पण दारूबंदीच्या कलमाखाली शिक्षा झाली. उच्च न्यायालयाची भूमिका अशी की अल्कोहोल पोटात गेले हे सिद्ध झाले आहे; ते औषधातून गेले असेल तर ते दाखवणे आरोपीचे काम.

इथे वाचकाने क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते, कारण पुढचा सगळा वाद या एका वाक्यावर उभा आहे. सिद्ध कोणी करायचे? 'वास आला म्हणजे प्याला असणार' हे घराच्या ओसरीवर बसून म्हणणे वेगळे आणि त्या आधारावर एखाद्याला तुरुंगात पाठवणे वेगळे. बलसारा निकालानंतर अल्कोहोलचे काही प्रकार निषिद्ध आणि काही निर्दोष अशी विभागणी झाली होती. वास दोन्हींचा सारखाच. मग वासावरून गुन्हा सिद्ध होतो की नुसता संशय?

सर्वोच्च न्यायालयातही हा प्रश्न सहजासहजी सुटला नाही. न्यायमूर्ती एन. एच. भगवती, जगन्नाधदास आणि वेंकटराम अय्यर यांच्या पीठापुढे अपील चालले आणि तिघांचे एकमत होईना. एखाद्या कायद्याचा भाग घटनाबाह्य ठरला म्हणजे नेमके काय होते, तो भाग पुसला जातो की केवळ आरोपीला एक बचाव मिळतो, हा मुद्दा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. १९५४ साली सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी बहुमताचे मत मांडले. घटनाबाह्य ठरलेला भाग शून्यवत समजायचा. त्यामुळे आरोपीने घेतलेले अल्कोहोल निषिद्ध प्रकारचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची आहे, आरोपीची नाही. न्यायमूर्ती एस. आर. दास यांनी भिन्नमत नोंदवले. शेवटी पेसिकाका यांची शिक्षा रद्द झाली.

या निकालात आणखी एक विचार येतो. एखाद्या आरोपीने आपला मूलभूत हक्क वापरला नाही, तर तो त्याने सोडून दिला असे मानता येईल का? महाजनांचे उत्तर नकारार्थी होते. हे हक्क एकेका व्यक्तीच्या सोयीसाठी घटनेत घातलेले नाहीत, ते सार्वजनिक धोरण म्हणून घातलेले आहेत. म्हणून ते सोडून देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. एका जीपच्या धडकेतून आणि टॉनिकच्या बाटलीतून प्रजासत्ताकाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी हा विचार निघावा, ही आमच्या न्यायेतिहासातली मोठी विलक्षण गोष्ट आहे.

परंतु आमच्या मनाला याच जागी टोचणीही लागते. त्या रात्री रस्त्यावर पडलेली तीन माणसे या निकालपत्राच्या पहिल्या काही ओळींत येतात आणि मग नाहीशी होतात. घटनेचा अर्थ, पुराव्याचा भार, शून्यवत या शब्दाची मीमांसा हे सगळे पानोपानी चालते. त्या तिघांच्या वेदनेला पुढे जागा नाही. बेदरकारपणाचा आरोप टिकला नाही, आणि उरला तो केवळ पिण्याचा आरोप. म्हणजे राज्याने ज्या गुन्ह्याचा पाठपुरावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत केला तो माणसांना धडक देण्याचा नव्हता, व्रतभंगाचा होता. दारूबंदीच्या त्या काळात मद्यपानाकडे पाप म्हणून पाहणारी दृष्टी इतकी प्रबळ होती की मद्यपी चालकापासून पादचाऱ्याला असलेला धोका तिच्या मागे झाकला गेला. आरोपीच्या बचावामुळे त्या तिघांवर अन्याय झाला असे कोणी म्हणेल. आम्हांला वाटते, त्यांच्यावरचा अन्याय त्याआधीच झाला होता: रुग्णालयात आरोपीचा श्वास हुंगला गेला, पण त्याच्या रक्तात किती अल्कोहोल आहे हे मोजण्याची कोणतीही शिस्त कायद्यात नव्हती.

ती शिस्त १९५९ साली आली, आणि ती पेसिकाका निकालाला राज्याने दिलेले उत्तर म्हणूनच वाचली पाहिजे. दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक आढळले, तर ते औषधातून आले हे दाखवण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. भार उलटला खरा, पण आता तो हवेत उलटला नव्हता. त्याला एक आकडा होता आणि त्या आकड्यापर्यंत पोचण्याची रीत होती. वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम त्याच वर्षी आले. हे नियम वाचताना एखाद्या कर्मठ घरातल्या सोवळ्याची आठवण व्हावी. सुई-पिचकारी उकळत्या पाण्यात टाकून निर्जंतुक करायची. त्वचा पुसायची ती निर्जंतुक पाण्याने. रक्त काढण्याच्या कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. किमान ५ घन सेंटिमीटर रक्त घ्यायचे, ते कुपीत भरायचे, त्यात गोठू न देणारे व टिकवणारे द्रव्य असायचे, कुपीला मोहोर लावायची आणि ती रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायची.

या प्रत्येक सूचनेमागे न्यायालयात उभा राहणारा एक काल्पनिक बचावाचा वकील आहे. 'डॉक्टरसाहेब, सुई टोचण्यापूर्वी कातडी कशाने पुसली होती?' स्पिरिटने, असे उत्तर आले की आकड्याचा भरवसा संपला. 'मोहोर कोणाची होती? पोचली तेव्हा शाबूत होती का?' हे प्रश्न ऐकणाऱ्याला वकिली कावा वाटतात. पण ते आधीच मनात धरून नियम लिहिले गेले, म्हणून चाचणी विश्वासार्ह झाली. बाटलीतून सुरू झालेला प्रश्न असा कुपीपाशी येऊन ठेपला.

नियम कागदावर आले म्हणून ते पाळले गेले असे नव्हे. खानदेशातील एका मोटारचालकाचा खटला, उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. अपघातानंतर रुग्णालयात घेतलेले रक्त आणि विश्लेषकाने तपासलेले रक्त एकच होते का, हा त्यातला कळीचा प्रश्न. सरकारपक्षाच्या पुराव्यात फट होती. सत्र न्यायालयाने खटला पुन्हा पहिल्यापासून चालवण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुराव्यातल्या त्रुटी भरून काढण्याची संधी सरकारपक्षाला मिळावी एवढ्यासाठी फेरखटला चालवता येत नाही, असे सांगितले. त्याच वेळी, आवश्यक तो जादा पुरावा अपिलातच घेऊन प्रकरण निकाली काढण्याची वाटही खुली ठेवली. आरोपीला दोनदा भरडायचे नाही आणि सत्यालाही दार बंद करायचे नाही, असा हा तोल होता. पुढे १९७१ मध्ये बच्चूभाई हसनअली करियानी यांच्या अपिलात त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्याने मद्यपान सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. रक्ताची वा लघवीची तपासणी झालेली नसेल तर ही उणीव आरोपीच्या माथी मारता येत नाही. नुकत्याच अपघातातून बाहेर पडलेल्या माणसाची चाल तशीही अडखळतीच असते, हे ज्याने एकदा तरी अपघात पाहिला आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

मोटार वाहनांच्या कायद्यातही हाच प्रवास दिसतो. १९३९ च्या कायद्यात मद्यपी चालकाला शिक्षा होती, पण वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतका तो धुंद असल्याचे दाखवावे लागे. १९८८ च्या नव्या कायद्यात कलम १८५ दुसऱ्या टोकाला गेले: रक्तात कितीही अल्प अल्कोहोल असले तरी गुन्हा. १९९४ च्या दुरुस्तीने श्वासचाचणीत आढळणारी १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली, ती आजही आहे. सोबत आरोपीच्या बाजूची एक अटही आहे: या गुन्ह्यासाठी अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांत झाली नाही, तर त्याला सोडावे लागते. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत गेला. दंड वाढला, तरी ते दोन तास कायम आहेत, आणि आमच्या मते ते दंडाहून महत्त्वाचे आहेत. रक्तातले अल्कोहोल दर घटकेला ओसरत असते; उशीर झाला तर निर्दोष माणसाला आपले निर्दोषत्व दाखवता येत नाही आणि दोषी माणसाचा दोष विरून जातो. एकच नियम दोघांचेही रक्षण करतो.

आता जो प्रश्न टाळता येणार नाही त्याकडे वळू. पेसिकाका सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. ते अधिकारी होते. चांगला वकील देणे, वर्षानुवर्षे लढणे त्यांना शक्य झाले. पण दारूबंदीच्या त्याच कलमाखाली मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहणारा, हातावर पोट असलेला मनुष्य? त्याच्या श्वासालाही वास येत होता, आणि कायदा त्यालाही तोच होता. 'गुन्हा कबूल आहे' असे म्हणून दंड भरावा किंवा थोडे दिवस आत बसावे, हे त्याला रोज बुडवून तारखांना हेलपाटे घालण्यापेक्षा स्वस्त पडत असणार. पुराव्याचा भार कोणावर हा प्रश्न त्याच्या वतीने विचारायला कोणी नव्हते, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालय देत नाही.

हे त्या काळी कोणाच्या ध्यानी आले नव्हते असे मात्र नाही. ज्या एन. एच. भगवतींनी पेसिकाकांचे अपील ऐकले, त्यांच्याच अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९४९ साली, म्हणजे दारूबंदी कायद्याच्याच वर्षी, गरिबांना कायद्याचे साहाय्य कसे देता येईल याचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. एकाच राज्याने एकाच वर्षी शिक्षेचा विस्तार केला आणि बचावाच्या साहाय्याचाही विचार केला. त्यांतला पहिला विचार तत्काळ अमलात आला. दुसऱ्याला किती काळ लागला पाहा. मोफत कायदेविषयक साहाय्याचे कलम ३९-अ घटनेत १९७६ च्या दुरुस्तीने आले. भगवतींचेच पुत्र न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात, गरीब आरोपीला वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचा अविभाज्य भाग आहे असे सांगितले. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ मध्ये झाला आणि १९९५ मध्ये अमलात आला. पित्याच्या समितीपासून इथवर ४६ वर्षे गेली.

न्यायातील विषमतेचा विषय निघाला की आपल्याकडे श्रीमंतांच्या मोटारींची आठवण निघते, आणि ती निघावीच. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले ७ मजूर मोटारीखाली सापडून मेले. चालक तरुणाच्या रक्तात अल्कोहोलचे प्रमाण शेकडा ०.११२ आढळले. सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा ऐकून लोक हादरले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती तीन वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. आरोपीच्या वकिलांनी तिथे आक्षेप घेतला होता की दोषारोपात मद्यप्राशनाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही. न्यायालयाने तो आक्षेप ऐकला, तपासला, आणि आरोपीचे त्यामुळे नुकसान झालेले नाही असे कारण देऊन फेटाळला. बचाव पूर्ण ऐकून घेतल्यावर दिलेली ती शिक्षा होती, म्हणून तिला वजन आहे. उलट बाजूचे उदाहरण वांद्र्याचेच. २००२ साली घडलेल्या, एका नामांकित चित्रपट अभिनेत्यावर खटला झालेल्या अपघातात सत्र न्यायालयाने २०१५ च्या मे महिन्यात पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. पुराव्यातील ज्या त्रुटींची त्या निकालात चर्चा आहे त्यांत रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीचाही समावेश आहे. १९५९ चे नियम लिहून अर्धशतक उलटल्यावरही कुपीचा हिशेब लागत नव्हता.

आणि मग २०२४ च्या मे महिन्यातले पुणे. कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर, अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना शासकीय रुग्णालयात बदलण्यात आल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. आम्हांला त्यातून दिसते ते एवढेच, की कुपी कोणाची, मोहोर कोणाची, मधल्या वेळात ती कोणाच्या हाती होती, हे प्रश्न आता मृतांच्या आईबापांच्या वतीने विचारले जाऊ लागले. सत्तर वर्षे ज्यांना आपण गुन्हेगाराच्या वकिलाचे खुसपट समजत आलो, तेच प्रश्न पीडितांच्या हाती न्यायाचे साधन म्हणून आले.

म्हणून, न्याय आरोपीला द्यायचा की पीडिताला असा सामना लावणे आम्हांला मान्य नाही. कुलाब्याच्या रस्त्यावर पडलेल्या त्या तिघांना एका काटेकोर, मोहोरबंद, दोन तासांच्या आत घेतलेल्या नमुन्याची जितकी गरज होती, तितकीच ती पेसिकाकांनाही होती. तो नमुना असता तर टॉनिकचा वादच उरला नसता. एक तर ते निःसंशय सुटले असते किंवा निःसंशय दोषी ठरले असते. नमुना नव्हता, म्हणून घटनापीठ बसवावे लागले, आणि तरीही त्या रात्री नेमके काय घडले हे आपल्याला आज सांगता येत नाही.

रामशास्त्र्यांची कथा आपण मुलांना सांगत राहू. पण ती सांगताना एक गोष्ट पुढे जोडावी असे आम्हांला वाटते. निःस्पृह न्यायाधीश शतकात एखादा जन्मतो. त्याच्या भरवशावर रोजचा न्याय चालत नाही. रोजचा न्याय चालतो तो रात्रपाळीच्या डॉक्टरने कातडी पाण्याने पुसली का, हवालदाराने वेळ खरी लिहिली का, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या वतीने, मग तो अधिकारी असो की हमाल, हे विचारणारे कोणी होते का, यावर.